नमुन्यावरून शिवत नाही

टेप कमरेभोवती फिरली की माणूस खोटं बोलायला लागतो, असं आमच्या मास्तरांचं मत आहे. तोंडाने नव्हे, पोटाने. चार लोकांत मान असलेले, शब्दाला पक्के म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ मास्तरांपुढे उभे राहिले की श्वास रोखून पोट पाठीला टेकवतात आणि पंधरा दिवसांनी पँट घट्ट झाली म्हणून भांडायला येतात. यावर मास्तरांनी एक तोड काढली आहे. टेप सैल धरायची आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं, "साडूंचं काय चाललंय सध्या?" साडूचा विषय निघाला की माणसाचा श्वास सुटतो, श्वासाबरोबर पोट सुटतं, आणि तेवढ्यात मास्तर टेप आवळून आकडा वाचतात. ज्यांना साडू नाही त्यांना ते मेव्हण्याबद्दल विचारतात.

मी मास्तरांच्या दुकानाच्या बरोबर डोक्यावर राहतो, म्हणून त्यांनी माझं नाव 'वरचे' ठेवलं आहे. शाळेतली कारकुनी संपवून घरी जायच्या आधी मी इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर अर्धा तास टेकतो. संशय घ्यावा कसा, याचं माझं सगळं शिक्षण त्या स्टुलावर झालं. मास्तर नवं रीळ आणलं की कानाशी धरून दोरा तोडतात. आवाज पटला तर रीळ घेतात. बटणं दातांनी तपासतात. कापडावर माप लिहिलेलं असलं तरी ते आपल्या टेपने मोजतात, आणि ती टेपही महिन्यातून एकदा लोखंडी पट्टीला लावून बघतात, कारण टेप ताणून लांबते. पट्टीचं काय, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पट्टीवरचा संशय त्यांच्या डोक्यात मीच घातला आणि आता त्यापायीही झोप उडणार.

त्यांचे दोन नियम आहेत. पहिला, हाताच्या आधी तोंड. "खांदा घेतो," म्हणायचं आणि मग खांद्याला हात लावायचा. "मागून येतो, छाती घेतो, हात जरा वर." गिऱ्हाईक रोजचं असो, घाईत असो, मास्तर सांगितल्याशिवाय हात लावत नाहीत. दुसरा नियम असा की नमुन्यावरून शिवायचं नाही. कुणी जुना शर्ट घेऊन आलं आणि म्हणालं की याच्याच मापाचा शिवा, तर मास्तर तो शर्ट दोन बोटांत धरून परत देतात. नमुना धुऊन आटलेला असतो, कोपरांत पसरलेला असतो, आणि ज्याचा तो असतो तो माणूस मधल्या काळात निराळाच झालेला असतो. एकाने अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचा कोट नमुना म्हणून आणला, तेव्हा मास्तर दुकान बंद करून त्या वडिलांच्या उशाशी गेले आणि झोपलेल्या माणसाचं माप घेऊन आले. "माणूस समोर पाहिजे," हे त्यांचं पालुपद.

फक्त मास्तरांचं स्वतःचं माप मात्र कुणी घेतलेलं नव्हतं. स्वतःचे कपडे ते अंदाजाने कापत, नेहमी एक बोट सैल. गळ्याचं बटण लावलेलं, वरून जाकीट. भर उन्हाळ्यात इस्त्रीशेजारी माणूस उकडून निघतो, पण जाकीट निघत नसे.

आणि मास्तर कधी डॉक्टरकडे जात नसत. एकदा मशीनची सुई त्यांच्या बोटातून आरपार गेली. त्यांनी ती पकडीने उपटली, बोट स्पिरिटमध्ये बुडवलं आणि राहिलेली बाही पुरी केली. तापाबिपाला ते कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे जात, पण तिथेही आजार कधी त्यांचा नसे. "एका गिऱ्हाइकाला तीन दिवस खोकला आहे." "एका गिऱ्हाइकाची दाढ ठणकतेय." औषधवाल्याने मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं की त्या मास्तरांकडे कपडे शिवू नका, त्यांची गिऱ्हाइकं फार आजारी पडतात.

अशा माणसाबद्दल गल्लीत शंकेची पाल न चुकचुकती तरच नवल. कुणी म्हणे अंगावर जुना वार आहे, कुणी म्हणे पोलिसांचं काहीतरी आहे. माझी शंका साधी होती: इंजेक्शनला घाबरतात. खरं काय ते मला गेल्या वर्षी कळलं, आणि मास्तरांनी "लिहा, पण सैल लिहा, आवळू नका," असं सांगितल्यावरच इथे मांडतो आहे.

मास्तर जन्मले तेव्हा मुलगी झाली म्हणून घरच्यांनी सांगितलं होतं. मास्तरांना ते कळत्या वयापासून पटलेलं नव्हतं. बाविसाव्या वर्षी त्यांनी जुनं नाव, जुना पत्ता आणि लांबसडक वेणी एकाच दिवशी सोडली आणि दुसऱ्या शहरात एका शिंप्याच्या हाताखाली पुरुष म्हणून उभे राहिले, ते आजतागायत. वहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, दुकानात काजं-बटणं करतात. दोघांच्या संसाराला सव्वीस वर्षं झाली. वहिनींना सगळं पहिल्यापासून ठाऊक. त्या म्हणतात, "मी माणूस बघून हो म्हटलं. नमुना बघून नाही."

डॉक्टरांवरचा संशय मास्तरांच्या जन्माबरोबर आलेला नाही. तो अठरा वर्षांपूर्वी एका मोठ्या इस्पितळात शिवून मिळाला. छातीत कफ भरून त्यांना ताप चढला होता. वहिनींनी त्यांना पुरुषांच्या विभागात नेलं. तरुण डॉक्टरने न विचारता सदरा वर केला, थबकला, आणि "आलोच" म्हणून गेला. मग तो दुसऱ्याला घेऊन आला. दुसरा तिसऱ्याला. मास्तरांनी तापातही मोजलं, सवयच ती: तपासायला दोन आले, बघायला नऊ. त्यातला एक तर लिफ्ट चालवणारा होता. पुरुषांचा विभाग म्हणाला हा आमच्याकडचा नाही, बायकांचा विभाग म्हणाला आमच्याकडचाही नाही, आणि मास्तरांची खाट दीड दिवस लिफ्टपाशी बोळात उभी राहिली. कागदांच्या वर कुणीतरी लाल पेनाने दोन प्रश्नचिन्हं काढली होती. मास्तर ती गोष्ट सांगताना शेवटी एवढंच म्हणतात, "ताप सोडून सगळं तपासलं." दुसऱ्या दिवशी वहिनींनी त्यांना त्याच तापात घरी आणलं. त्यानंतर मास्तरांनी दवाखान्याची पायरी चढायची नाही असं ठरवलं. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल?

गेल्या वर्षी मात्र दुखण्याने औषधवाल्याच्या पलीकडची मजल मारली. मास्तरांचं वय त्रेपन्न. महिन्याचा तो त्रास, ज्याचा ते आयुष्यभर मनातसुद्धा उच्चार करत नसत, तो वयाप्रमाणे बंद होऊन चार वर्षं झाली होती. तो एकाएकी परत सुरू झाला. आधी थोडं रक्त, मग जास्त, मग आठ-आठ दिवस. मास्तर वहिनींना काही बोलले नाहीत. पण कपड्यांत आयुष्य घालवलेल्या दोघांच्या घरात कपडे लपवायचे कुठे? वहिनींना बादलीने सांगितलं. त्यांनी एका शेजारणीला आडून विचारलं, तेव्हा ती म्हणाली की या वयात असं परत सुरू झालं तर एक दिवस थांबू नये. तिची नणंद थांबली होती. नणंदेचं पुढे काय झालं ते वहिनींनी विचारलं नाही.

चार महिने रोज तोच वाद. वहिनी म्हणत चला, मास्तर म्हणत थांबेल. ते पिवळे पडले, जिना चढताना मध्ये थांबू लागले. मी विचारलं तर म्हणाले, एका गिऱ्हाइकाला अशक्तपणा आहे. शेवटी मास्तरांनी एक युक्ती काढली, आणि मला अजून नवल वाटतं की नमुन्याला हात न लावणाऱ्या या माणसालाच ती सुचावी. ते वहिनींना म्हणाले, "तू जा. लक्षणं माझी सांग. तू बाई, मी... आतून काय फरक असणार?"

दोन गल्ल्या सोडून बायकांचा एक दवाखाना आहे. दारावर पाटी: 'पुरुषांनी बाहेरील बाकावर बसावे.' वहिनी मास्तरांच्या मापाच्या कागदामागे लिहिलेली लक्षणं घेऊन आत गेल्या आणि मास्तर बाहेर नवऱ्यांच्या बाकावर बसले. म्हणजे दुखणं बाहेर बाकावर आणि तब्येत आत टेबलावर, असा प्रकार. डॉक्टरीणबाईंनी विचारलं किती दिवस, वहिनींनी कागद वाचला. किती वेळा, कागद वाचला. बाईंनी पोटाचा फोटो काढायला पाठवलं. फोटो आला: सगळं ठणठणीत.

मास्तर त्या दिवशी कधी नव्हे ते शीळ घालत होते. "बघ, काही निघालं नाही," म्हणाले. वहिनींनी हातातली सुई खाली ठेवली. "अहो, ते पोट माझं आहे." मास्तरांचं म्हणणं पडलं की एका घरात राहतो, एका ताटाचं खातो. तेव्हा वहिनींनी त्यांना सुनावलं की दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. म्हण खरी म्हशीची आहे. मास्तरांनी मला पुढे कौतुकाने सांगितलं की एवढ्या संतापातसुद्धा तिने रेडा म्हटलं.

इकडे डॉक्टरीणबाईंना चैन पडेना. त्यांच्या समोर एक बाई आली, जी दुखण्याबद्दल विचारलं की कागद वाचते आणि जेवणाबद्दल विचारलं की तोंडाने उत्तर देते. कागदावरचं अक्षर पुरुषाचं. बाहेर बाकावर एक जाकीटवाला नवरा, जो दारावरून नजर हटवत नाही. फोटोतल्या पोटाला यातलं एकही दुखणं नाही. त्यांनी वहिनींना परत बोलावून विचारलं, "हे तुमचं नाही. घरात अजून कुणी आहे का?" वहिनी मूग गिळून बसल्या. मग बाईंचा संशय आणखी बळावला. त्यांना वाटलं या माणसाने घरात कुणी बाई कोंडून ठेवली आहे. बहीण असेल, आई असेल, दुसरी कुणी असेल. दवाखान्यात आणत नाही, बायकोच्या तोंडून औषध नेतो. कागदाच्या वरच्या बाजूला दुकानाचा पत्ता छापलेलाच होता.

त्या दिवशी मी स्टुलावर होतो. पांढरा कोट हातावर टाकून एक बाई आत आल्या. साधारण पंचेचाळिशीच्या, चेहरा नीटनेटका, डोळे मात्र फौजदाराचे. मास्तरांनी त्यांना ओळखलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मला वाटलं अशक्तपणा. बाई म्हणाल्या नवा कोट शिवायचा आहे. मास्तरांना तो शब्द खरा वाटला नाही. या गावात पांढरे कोट तयार मिळतात, हे दोघांनाही माहीत होतं. तरी त्यांनी टेप काढली.

मग जे झालं त्याला माप घेणं म्हणता येत नाही. ती दुतर्फा तपासणी होती. मास्तर म्हणाले, "खांदा घेतो," आणि बाईंनी विचारलं घरी कोण कोण असतं. मास्तर म्हणाले आम्ही दोघं आणि मशीन. "मागून येतो, पाठ घेतो." बाईंनी विचारलं बहीण, आई कुणी नाही? मास्तर म्हणाले पाठ सोळा. मला कळेना की कोट शिवायला आईबहीण कशाला लागते. प्रत्येक मापाआधी मास्तर काय करणार ते सांगत होते आणि त्याबरोबर बाईंची नजर जराशी बदलत होती, हे मला दिसलं, पण का ते दिसलं नाही. मास्तरांना दुसरंच काही दिसलं होतं. कमरेची टेप फिरवली तेव्हा या बाईंनी पोट आत घेतलं नव्हतं. साडूची गरजच पडली नाही. तीस वर्षांतलं पहिलं गिऱ्हाईक, ते मला नंतर म्हणाले.

पण भरवसा ठेवतील तर ते मास्तर कसले. त्यांनी टेप गळ्यात टाकली आणि कोट दोन आठवड्यांनी मिळेल असं तोडून सांगितलं. बाई म्हणाल्या घाई आहे, आणि हातावरचा जुना कोट पुढे केला: यावरूनच कापा, बाकीची मापं राहू द्या.

"नमुन्यावरून शिवत नाही मी," मास्तर म्हणाले.

"का?"

"नमुना खरं सांगत नाही, बाई. ज्याचं त्याचं माप ज्याच्या त्याच्या अंगावर. माणूस समोर पाहिजे."

बाईंनी कोट परत हातावर घेतला. "माझंही तसंच आहे, मास्तर. गेल्या आठवड्यात माझ्याकडे कुणाचा तरी नमुना आला होता."

मास्तर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, वरचे, जरा चहा सांगून या. माझ्या हातात चहाचा भरलेला कप होता. मी तो तसाच घेऊन चहा सांगायला गेलो.

परत आलो तेव्हा बाई माझ्या स्टुलावर बसल्या होत्या. मास्तर मशीनकडे तोंड करून उभे होते आणि टेप टेबलावर पडली होती. त्यांच्या गळ्यातून उतरून पडलेली टेप मी तोवर कधी पाहिली नव्हती. वहिनी पडद्याआडून बाहेर आल्या होत्या. तीन चहा ठेवून मी वर गेलो. माझी शंका: बाई करवाल्यांकडून आल्या असाव्यात.

आत काय झालं ते मला पुढे कळलं. बाईंनी सरळ विचारलं होतं, रक्त कुणाचं जातंय. मास्तरांनी मशीनचं चाक दोनदा फिरवलं आणि म्हणाले, "माझं." मास्तर वाट बघत होते की आता या "आलोच" म्हणून उठतील. त्या उठल्या नाहीत. त्या म्हणाल्या की कोंडलेली बाई शोधायला आले होते, तुमच्यावर घेतलेला संशय मागे घेते. आणि असा पेशंट मी आजवर तपासलेला नाही, माझ्याकडून चुका होतील, झाल्या की तिथल्या तिथे सांगा. मास्तर आजही म्हणतात की चुकेन म्हणणारा डॉक्टर एक तर फार चांगला असतो किंवा फार वाईट, आणि कोणता ते आधी कळत नाही.

त्या आठवड्यात मास्तरांनी मला स्टुलावर बसवून सगळं सांगितलं आणि म्हणाले, आता या स्टुलावर परत बसायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मला काही शहाण्यासारखं सुचलं नाही. मी विचारलं, माझी पँट शनिवारी मिळणार होती तिचं काय? मास्तर म्हणाले बुधवारी त्या दवाखान्यात जायचं आहे, पिशवी धरायला चला. बुधवारी मी पिशवी घेऊन उभा, तर हे मशीनवर. बुधवार खोटा होता. तो वार गल्लीत कुणाच्या तोंडी येतो का, हे त्यांना बघायचं होतं. नाही आला, म्हणून मला शुक्रवार मिळाला.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं त्या पाटीखाली उभे राहिलो. दवाखाना बंद असताना या, असं बाईंनी आधी सुचवलं होतं आणि मास्तर लगेच तयार झाले होते. पण वहिनी म्हणाल्या की चोरासारखं जायचं तर मी येणार नाही. म्हणून भर गर्दीची वेळ. बाहेर बाकावर पाच नवरे, प्रत्येकाच्या मांडीवर एकेक पिशवी. खिडकीतल्या बाईला डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगून ठेवलं होतं. पण त्या दिवशी ती रजेवर होती आणि तिच्या जागी दुसरीच बसली होती. वहिनी पुढे, मास्तर मागे. खिडकीतून आवाज आला, "काका, पुरुषांनी बाहेर बसायचं. पाटी वाचा."

मास्तर वळले आणि बाकावर जाऊन बसले. माझ्या शेजारीच. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर तिथे सुटका होती. फासावर नेलेल्याला दोर संपला म्हणून परत पाठवावं, तसा चेहरा. "बघा," ते हळूच म्हणाले, "मला माहीत होतं." आपला संशय खरा ठरल्याचं एवढं समाधान मी कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. वहिनी दारात उभ्या होत्या. आत जात नव्हत्या, बाहेर येत नव्हत्या. मी म्हणणार होतो की मी सांगतो खिडकीत. पण मी काय सांगणार होतो, आणि कुणाच्या वतीने? मीही नमुनाच झालो असतो.

खिडकीतल्या बाईने विचारलं, "अहो, पेशंट कुठे आहे?"

मास्तर बसून राहिले. मी त्यांचं जाकीट बघत होतो. ते वर-खाली होत नव्हतं. मग ते उठले.

"पेशंट मी आहे," ते म्हणाले.

पाच पिशव्या मांडीवर हलल्या. खिडकीतल्या बाईने पाटीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं, जणू दोघांपैकी कोण खोटं बोलतंय ते तिला ठरवायचं होतं. बाकावरच्या शेवटच्या नवऱ्याचे पाय वाटेत होते. त्याने ते आत घेतले. एवढंच झालं. त्याला काय समजलं, काय नाही, देव जाणे. मास्तर त्याच्यापुढून आत गेले.

आतलं मला वहिनींनी सांगितलं. बाई म्हणाल्या, "आता पोटाला हात लावते," आणि मग लावला. "आता हे गार लागेल." प्रत्येक वेळी आधी तोंड, मग हात. एकदा त्या चुकल्या, सवयीने "ताई" म्हणून गेल्या, मास्तर म्हणाले, "मास्तर." बाई म्हणाल्या, "मास्तर," आणि पुढे तपासू लागल्या. पण पोटात काही लागेना, सगळं दगडासारखं घट्ट. बाईंनी हात काढला आणि म्हणाल्या, "मास्तर, पोट सोडा."

वहिनी सांगतात, तेव्हा ते रडले. मास्तर म्हणतात ते गार लागलं म्हणून.

गाठ निघाली. तुकडा तपासायला गेला आणि उत्तर आलं की वाईट आहे, पण सुरुवात आहे. गर्भाशय काढून टाकलं की बहुतेक निभावेल, मात्र महिन्याच्या आत. बाईंच्या दवाखान्यात एवढं मोठं ऑपरेशन होत नव्हतं. मग पुन्हा मोठी इस्पितळं. पहिल्याने विचारलं कोणत्या विभागात ठेवायचं, आणि विचारतच राहिलं. दुसऱ्याच्या संगणकात 'पुरुष' दाबलं की गर्भाशयाचं पानच उघडेना, आणि तिथला माणूस म्हणाला 'स्त्री' दाबू द्या, लगेच होतं. मास्तर म्हणाले, नमुना नको. ते घरी निघून आले. डॉक्टरीणबाई अकरा दिवस फोनवर भांडत होत्या. मास्तरांना त्या भांडणाचाही संशय आला. ते मला म्हणाले, दुसऱ्याच्या दुखण्यासाठी एवढा घसा कोण कोरडा करतं? शेवटी एका ठिकाणी स्वतंत्र खोली मिळाली, आणि कागदावर मास्तर पुरुषच राहिले. ते पान कुणीतरी हाताने लिहिलं. तिथला अंगरखा पाठीमागून उघडा होता. मास्तरांनी तो दोन बोटांत धरून परत दिला आणि घरून शिवून नेलेला घातला: पुढे बटणं, पोटाशी एक झडप, डॉक्टरांना लागेल तेवढीच उघडणारी.

ऑपरेशन नीट झालं. दर तीन महिन्यांनी दाखवायला जावं लागतं. मास्तर जातात, आणि प्रत्येक वेळी आल्यावर सांगतात की या खेपेला त्या बाईंचं काहीतरी बिनसलेलं वाटलं. दवाखान्यावरची पाटी अजून तशीच आहे. खाली बाईंनी लहान अक्षरांत 'पेशंट सोडून' असं लिहून घेतलं आहे. मास्तरांच्या मते अक्षर फारच लहान आहे, मुद्दाम.

परवा संध्याकाळी स्टुलावर बसलो होतो. मास्तरांच्या पँटी सगळ्या सैल झाल्या आहेत. पट्ट्याला नवी भोकं पाडून संपली. ते मशीनवरून उठले, गळ्यातली टेप काढली आणि माझ्यापुढे धरली.

"कंबर घ्या," म्हणाले.

वहिनींचा सुईचा हात थांबला. मी टेप घेतली. उलटी धरली होती, ती त्यांनी सुलट करून दिली. मी म्हणालो, "मागून येतो, कंबर घेतो," आणि टेप फिरवली. मास्तर ताठ उभे होते, श्वास रोखून, पोट पाठीला टेकवून. साडू त्यांना नाही, मेव्हणाही नाही. मी जरा विचार करून विचारलं, "डॉक्टरीणबाईंच्या कोटाचं काय झालं?"

"काय व्हायचं," मास्तर उसळले, "तीन वेळा बोलावलं ट्रायलला, आल्या नाहीत, वर म्हणतात वेळ मिळत नाही, दुसऱ्याला तपासायला बरा मिळतो..."

श्वास सुटला. मी टेप आवळली आणि आकडा वाचला.

मास्तरांनी मान वळवून टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"परत मोजा," ते म्हणाले. "तुमचा काही भरवसा नाही."